रात्रीच्या भयपटांमधला होस्ट: सिनेमाचा जीव की नुसती लुडबुड?

रात्रपाळी
परवा एका मित्राशी यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे मांडतो. त्याचं म्हणणं असं की, अमेरिकन टीव्हीवर रात्री भयपट दाखवताना मध्येमध्ये येऊन थट्टामस्करी करणाऱ्या होस्ट मंडळींनी त्या सिनेमांचं वाटोळं केलं. मला नेमकं उलट वाटतं. ही माणसं नसती, तर त्या सिनेमांचा एवढा मोठा चाहतावर्ग तयारच झाला नसता.

१९५७ साली स्क्रीन जेम्स कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओच्या जुन्या सिनेमांपैकी ५२ निवडून 'शॉक!' या नावाने टीव्ही स्टेशनांना दिले. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' (दोन्ही १९३१) तेव्हा सव्वीस वर्षांचे झाले होते. पोरांना त्यांचं काय अप्रूप असणार? मग ठिकठिकाणच्या स्टेशनांनी आपापला होस्ट उभा केला. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली काळा लांब कोट चढवून 'रोलंड' झाला. बायको शवपेटीत, आणि टेबलावर मेंदू म्हणून फ्लॉवरचा गड्डा, त्यावर शस्त्रक्रिया चाललेली. सिनेमा चालू असतानाच मध्ये त्याचा स्वतःचा शॉट यायचा. म्हणजे सिनेमातला माणूस दचकून बघणार, आणि समोर झॅकर्ली!

माझ्या लेखी हा भय-विनोदी सिनेमाचाच एक प्रकार आहे, फक्त स्टुडिओत घडणारा. वगात सोंगाड्या राजाच्या बोलण्यात तोंड घालतो, म्हणून राजा लहान होतो का?

जुनी_रीळ
असहमत. सोंगाड्याचं उदाहरण इथे लागूच होत नाही. सोंगाड्या वगाच्या आतला असतो. हा आता बोलणार हे राजाचं काम करणाऱ्याला ठाऊक असतं, तो थांबतो, त्याला हशा घेऊ देतो. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफला कुणी विचारलं होतं?

'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' (१९३५) मधली आंधळ्या म्हाताऱ्याची झोपडी आठवा. व्हायोलिनच्या सुरामागे राक्षस आत येतो. म्हातारा त्याला जेवू घालतो, एवढ्या वर्षांनी सोबत मिळाली म्हणून देवाचे आभार मानतो, आणि राक्षसाच्या गालावरून पाणी ओघळतं. तिथून एकदम फ्लॉवरच्या गड्ड्यावर? माझ्याच्याने नाही बघवत.

विनोद करायचाच तर मेल ब्रूक्ससारखा करावा. 'यंग फ्रँकेनस्टाइन' (१९७४) मध्ये हाच प्रसंग आहे. जीन हॅकमनचा आंधळा कढत सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो, मग चिरूट समजून त्याचा अंगठा पेटवतो. हसून हसून पोट दुखतं, पण मूळ प्रसंगाला ओरखडाही नाही, कारण ब्रूक्सने आपला स्वतंत्र सिनेमा काढला. रंगीत सिनेमाच्या जमान्यात कृष्णधवल काढला. केनेथ स्ट्रिकफॅडनने १९३१ च्या सिनेमासाठी बनवलेली प्रयोगशाळेची यंत्रं मिळवून तीच वापरली. जुन्या सिनेमावर जीव असणं म्हणजे हे.

बिनसाखरेचा_चहा
जुनी_रीळ यांना +१. सिनेमा मुळातच विनोदी असेल तर होस्ट जास्तच नडतो. ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीचा 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन' (१९४८) घ्या. कॉस्टेलो ड्रॅक्युलाच्या पेटीवर मेणबत्ती ठेवून वाचत बसलाय. झाकण करकरत उचललं जातं, मेणबत्ती सरकते, त्याची बोबडी वळते. ॲबट येऊन बघतो तर सगळं जागच्या जागी. हा सगळा खेळ सेकंदांच्या हिशोबाचा आहे. शिवाय त्यातली भुतं थट्टेत सामील नाहीत. बेला लुगोसी १९३१ नंतर सिनेमात दुसऱ्यांदा आणि शेवटचा ड्रॅक्युला झाला तो इथे, आणि तो पूर्ण रुबाबात आहे. लॉन चेनी ज्युनियरचा लांडगामानव तर बिचारा काकुळतीला आलेला. भुतं खरी म्हणून हसू खरं. त्यात तिसरा विदूषक कशाला?

शिकागोकर
मी राहतो तिथलंच सांगतो. आमच्या शिकागोचा होस्ट स्वेनगुली. १९७० मध्ये जेरी जी. बिशपने सुरू केला, १९७९ पासून रिच कोझ. २०११ पासून मीटीव्ही या वाहिनीवर देशभर दिसतो. दर शनिवारी आमच्या घरी लागतो. उंच काळी टोपी, पांढरा चेहरा, आणि रबरी कोंबड्यांचा मारा.

तो जाहिरातीच्या आगेमागे येतो, प्रसंगात घुसत नाही. आणि नुसते पाणचट विनोद करून जात नाही. हा नट आधी कशात होता, पुढे त्याचं काय झालं, हे नीट समजावून सांगतो. दुय्यम कामं करणाऱ्या नटांचीही नावं घेतो. माझी नऊ वर्षांची लेक चेनीच्या अंगावर केस उगवायला लागले की गोधडीत शिरते आणि स्वेनगुलीचा आवाज आला की डोकं बाहेर काढते. तो नसता तर पहिल्या दहा मिनिटांत टीव्ही बंद झाला असता. म्हणून मी रात्रपाळींच्या बाजूने.

जुनी_रीळ
शिकागोकर, लेकीचं वाचून फार बरं वाटलं. असे होस्ट असतील तर माझी काहीच तक्रार नाही. पण क्लीव्हलँडच्या गुलार्डीचं काय? १९६३ ते ६६. सिनेमाच्या आवाजावर गाण्यांच्या तबकड्या लावायच्या, स्वतःच चित्रात घुसायचं, स्टुडिओत फटाके फोडायचे. हेही चालतं का तुम्हाला?

रात्रपाळी
हो, चालतं. गुलार्डीच्या, म्हणजे अर्नी अँडरसनच्या वाट्याला बरेचसे टुकार सिनेमे आले होते, आणि ते टुकार आहेत हे तो प्रेक्षकांना तोंडावर सांगायचा. त्याचा मुलगा दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन, त्याने आपल्या कंपनीला गुलार्डीचंच नाव दिलंय.

आणि व्हँपायरा या होस्टला विसरू नका. १९५४, लॉस एंजेलिस, हे सोंग घेणारी मैला नुर्मी. युनिव्हर्सलचे भयपट तेव्हा टीव्हीसाठी खुले झालेच नव्हते, त्यामुळे हाताशी सगळा स्वस्तातला माल. धुक्याने भरलेल्या बोळातून ती कॅमेऱ्याकडे चालत येते आणि किंकाळी फोडते. एवढ्यावर लोक जागे राहायचे. त्या कार्यक्रमाचा एकही पूर्ण भाग आज शिल्लक नाही. सिनेमे मिळतात, ती मिळत नाही. तुम्ही कार्लोफसाठी हळहळता, मी तिच्यासाठी हळहळतो.

झोपडीच्या प्रसंगाबद्दल मात्र तुमचं खरं आहे. तिथे मीही कुणाला येऊ देणार नाही.

बिनसाखरेचा_चहा
'फ्राइट नाइट' (१९८५) चा विषय निघाला नाही अजून. त्यातला पीटर व्हिन्सेंट असाच होस्ट, नावच पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतल्या नटांवरून घेतलेलं. त्याची नोकरी गेलेली, आणि एक पोरगं येऊन सांगतं की शेजारी खरा व्हँपायर राहायला आलाय. रॉडी मॅकडॉवलने आधी टरकलेला आणि मग हातात क्रूस धरून उभा राहिलेला तो म्हातारा असा केलाय की होस्टबद्दलचं माझं मत तिथे थोडं हललं होतं. थोडंच. मेणबत्तीच्या प्रसंगात अजूनही कुणी नको.

जुनी_रीळ
'फ्राइट नाइट'मध्ये होस्ट कथेचाच भाग आहे, म्हणजे पुन्हा आतला सोंगाड्या. माझा मुद्दा तोच आहे. व्हँपायराबद्दल मात्र रात्रपाळींशी सहमत. तिच्या थोड्याफार चित्रफिती शिल्लक आहेत, त्या आज रात्री बघतो.