कब्जच्या हिवाळी हिशेबात माझं कुठे चुकतंय?

कोरापाटी

बेसबॉलच्या पगारपत्रकांचा अभ्यास म्हणून शिकागो कब्जचा २०२४-२५ चा हिवाळा घेतला आहे. त्यांच्याकडे आधीपासून असलेले मोठे करार, वार्षिक सरासरीने, मिलियन डॉलरमध्ये:

स्वॉन्सन (७ वर्षे, १७७) २५.२९
बेलिंजर (३ वर्षे, ८०) २६.६७
हॅप (३ वर्षे, ६१) २०.३३
सुझुकी (५ वर्षे, ८५) १७
टायॉन (४ वर्षे, ६८) १७
इमानागा (४ वर्षे, ५३) १३.२५
हॉर्नर (३ वर्षे, ३५) ११.६७

बेरीज १३१.२१. २०२५ ची लक्झरी टॅक्सची (संघाचा एकूण पगार ठरलेल्या रेषेच्या वर गेला की लीगला भरायचा कर) पहिली पायरी २४१. म्हणजे हातात जवळपास ११० मिलियन. मग त्यांनी बेलिंजरला यांकीजकडे का ढकललं, आणि वर ५ मिलियन रोख का दिले? त्या हिवाळ्यात मोकळा असलेला तिसऱ्या बेसचा खेळाडू ब्रेगमन, त्याच्यासाठीही हात आखडताच घेतला. आदल्या वर्षी त्यांनी भरलेला टॅक्स पाहिला तर ५ लाख ७० हजार डॉलर, या धंद्यात चिल्लर. एवढं घाबरण्यासारखं काय होतं?

हिशेबनीस

सरासरी बरोबर काढली आहे. बहुतेक जण त्या वर्षीचा रोख पगार धरतात आणि तिथेच फसतात. पण ११० हा आकडा खरा नाही. तुम्ही सात माणसं मोजलीत, संघ २६ जणांचा असतो.

आधी खेळाडूंशी थेट संबंध नसलेले खर्च काढा. विमा, पेन्शन वगैरे सुविधांचा वाटा प्रत्येक संघाच्या नावावर लागतो, साधारण १७.५ धरा. आर्बिट्रेशनपर्यंत (काही हंगाम झाले की पगार वाटाघाटीने, नाहीतर लवादासमोर ठरतो ती पायरी) न पोचलेल्या तरुण खेळाडूंसाठी ५० मिलियनचा बोनस-निधी आहे, तो ३० संघांत विभागला की प्रत्येकी १.६७. संघाच्या ४० जणांच्या यादीत असून मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) खेळणाऱ्यांचे पगार, अंदाजे २.३. तिन्ही मिळून साडेएकवीस. २४१ चे तिथेच २१९.५ झाले. त्यातून तुमचे १३१.२ वजा, उरले ८८.३.

आता १९ जागा. समजा सहा जण आर्बिट्रेशनवाले, मिळून २०. आठ जण किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये किमान ७ लाख ६० हजार), मिळून ६.२. उरल्या पाच जागा बाजारातून भरायच्या, आणि हातात ६२.

या ६२ मधून लगेच १२ बाजूला काढा. त्यातले ३-४ दुखापतींच्या बदल्यांसाठी, कारण जखमी खेळाडूचा पगार चालूच राहतो आणि त्याच्या जागी वर आणलेल्या पोराला मोठ्या संघाचा किमान पगार दिवसाच्या हिशेबाने द्यावा लागतो. बाकीचे ८ जुलैच्या अदलाबदलीसाठी. हंगाम १८६ दिवसांच्या आसपास असतो. जुलैअखेरीस साठेक दिवस उरलेले असताना १५ च्या सरासरीचा खेळाडू आणला तर तुमच्या खात्यावर सुमारे ५ लागतात. ही रक्कम न ठेवता डिसेंबरात शेवटच्या डॉलरपर्यंत खर्च करणारा संघ जुलैत हात चोळत बसतो.

म्हणजे खर्चायला ५०. आर्बिट्रेशनचा आणि राखीव रकमेचा आकडा माझा अंदाज आहे, त्यात पाच इकडे-तिकडे होतील. आता प्रत्यक्षात काय केलं ते यावर बसवा. त्यांनी घेतलेले खेळाडू: बॉयड २ वर्षे २९ म्हणजे १४.५. केली २ वर्षे ११.५ म्हणजे ५.७५. रे ५, टर्नर ६. प्रेसलीचा पगार १४, त्यातले ५.५ त्याच्या जुन्या संघाने, अॅस्ट्रोजनी उचलले, म्हणून ८.५. पाच जागा भरल्या, ३९.७५ गेले, उरले सव्वादहा. अॅस्ट्रोजकडूनच अदलाबदलीत आणलेल्या टकरचा एका वर्षाचा पगार १६.५. तो बसतच नाही.

बेलिंजर गेल्यावर २६.६७ सुटले. दिलेले ५ तुमच्याच खात्यावर धरले तरी २१.७ परत आले. सव्वादहा अधिक २१.७ वजा १६.५, म्हणजे साधारण १५ शिल्लक. टकरच्या बदल्यात पारेदेस आणि वेस्नेस्की गेले, त्यांचे पगार सुटले, पण त्या जागीही कुणीतरी लागतोच, म्हणून तो फरक मी सोडून दिला आहे.

डावखुरा

५ लाख ७० हजार चिल्लर आहे हे मान्य. पण भरलेली रक्कम आणि टॅक्स भरणारा हा शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला दर २० टक्के, म्हणजे २०२४ मध्ये कब्ज २३७ च्या वर फक्त २.८५ मिलियन गेले. तेवढ्याने शिक्का बसला.

शिक्क्याचे परिणाम त्याच हिवाळ्यात दिसतात. ज्याने क्वालिफाइंग ऑफर (करार संपलेल्याला जुन्या संघाने देऊ केलेला ठरावीक रकमेचा एका वर्षाचा करार, त्या वर्षी २१.०५) नाकारली आहे असा फ्री एजंट (मोकळा खेळाडू) टॅक्स भरलेल्या संघाने घेतला, तर ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधला) दुसरा आणि पाचवा सर्वात वरचा पिक (निवडीचा हक्क) जातो, शिवाय परदेशी किशोरांच्या सह्यांसाठीच्या निधीतून १ मिलियन. तोच खेळाडू शिक्का नसलेल्या आणि महसूल-वाटपातून पैसे न घेणाऱ्या संघाने घेतला, तर फक्त दुसरा पिक आणि अर्धा मिलियन. ब्रेगमनने अॅस्ट्रोजची ऑफर नाकारलेली होती. म्हणजे कब्जसाठी त्याची किंमत पगार अधिक दोन पिक अधिक १ मिलियन. २.८५ च्या ओलांडणीने हे सगळं ओढवून घेतलं. करायचंच होतं तर ३० ने ओलांडायचं, नाहीतर अजिबात नाही.

दुसरी बाजू खेळाडू गमावताना. तुमचा माणूस ऑफर नाकारून गेला की भरपाई म्हणून पिक मिळतो. शिक्का नसेल तर तो दुसऱ्या फेरीनंतरच्या संतुलन-फेरीच्या (लहान संघांना दिलेल्या जादा निवडींच्या) शेवटी येतो, शिक्का असेल तर चौथ्या फेरीनंतर. टकर घेतला तेव्हाच माहीत होतं की तो वर्षभराने मोकळा होणार. मग २०२५ मध्ये रेषेच्या आत राहण्याला त्या एका पिकाचीही किंमत आहे.

२०२३ मध्ये एंजल्सनी ऑगस्टअखेरीस जिओलिटो, लोपेझ, मूर, रेनफ्रो असे खेळाडू एका झटक्यात वेव्हर्सवर टाकले, म्हणजे हवा त्या संघाने पगारासकट उचलावा म्हणून सोडले. जिओलिटो आणि लोपेझ तर काही आठवड्यांपूर्वीच घेतलेले. त्या चौघांतले तिघे क्लीव्हलंडने उचलले. लोक हसले. पण त्यांनी रेषेखाली येऊन, मोकळा होऊन जाणाऱ्या ओहतानीच्या बदल्यातला पिक वरच्या जागी राखला. आकडा हंगामाच्या अखेरीस मोजतात, डिसेंबरात नाही, म्हणून हे जमलं.

आणि क्वालिफाइंग ऑफर म्हणजे फुकटचा पिक, असंही समजू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात कब्जनी इमानागाला २२.०२५ ची ऑफर दिली आणि त्याने ती घेतली. ऑफर देताना ती रक्कम खर्च झाली असंच धरून पत्रक करायचं. खेळाडू घेईल तर परवडेल, एवढंच विचारायचं.

नववी_इनिंग

हिशेब पटला, क्रम नाही. टकरचा सौदा १३ डिसेंबरला झाला, बेलिंजर १७ ला गेला. चार दिवस सगळ्या लीगला दिसत होतं की बाहेरच्या मैदानात गर्दी झाली आहे आणि हे गिऱ्हाईक अडलं आहे. अडला हरी! बदल्यात मिळाला काय, तर कोडी पोटीट, आणि वर ५ रोख. आधी बेलिंजर विकून मग टकर घ्यायचा असता तर टकर हुकण्याचा धोका होता, हे मान्य. पण दोन्ही बोलणी एकदम चालवून दोन्ही सौदे एकाच दिवशी जाहीर करता आले असते.

@कोरापाटी, पैशाच्या रकान्याशेजारी ४० च्या यादीचा रकानाही ठेवा, नवखे तो विसरतात. हंगामात ६० दिवसांच्या जखमी यादीवरचा खेळाडू ४० मध्ये मोजत नाहीत. वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांत ते सगळे परत ४० मध्ये येतात आणि एका रात्रीत जागा संपतात. मग नोव्हेंबरच्या मध्यात रूल फाइव्हपासून (४० च्या यादीबाहेरचा खेळाडू दुसऱ्या संघाला नेता येतो ती निवड) वाचवायची पोरं यादीत घालायची: वयाच्या १८ व्या वर्षी किंवा त्याआधी सही केलेल्यांना पाच हंगाम, १९ व्या वर्षी किंवा त्यानंतर सही केलेल्यांना चार हंगाम झाले की हा प्रश्न येतो. त्यानंतर काही दिवसांत नॉन-टेंडर, म्हणजे नको असलेल्याला पुढच्या वर्षाचा करार न देणं. कब्जनी त्या वेळी टॉकमन, विस्डम, अल्झोलाय यांना सोडलं. पैसेही सुटले, जागाही. फ्री एजंट घेताना ४० वी जागा रिकामी नसेल तर आधी कुणाला तरी डेझिग्नेट करावं (यादीतून काढावं) लागतं आणि त्याचा निकाल सात दिवसांत लावावा लागतो. घाईत सोडलेला माणूस दुसरा संघ फुकटात नेतो.

आर्बिट्रेशनमधलं एक: सुनावणीशिवाय ठरलेला पगार आता पूर्ण हमीचा असतो. नोव्हेंबरात घाईघाईने रक्कम ठरवली की मार्चमध्ये त्या खेळाडूला थोडक्या पैशात सोडता येत नाही. शंका असलेल्या खेळाडूशी म्हणूनच उशिरा बोलावं.

बॅटफ्लिप

सगळे रेषेची पूजा करताय. ही आयपीएलच्या पर्ससारखी भिंत नाही, ओलांडली तर पैसे भरायचे, बस. हिशेबनीसांचाच आकडा घ्या: १५ शिल्लक, ब्रेगमनला कब्जनी देऊ केल्याची बातमी होती ४ वर्षे ११५ ची, म्हणजे २८.७५. पावणेचौदा वर. सलग दुसऱ्या वर्षी दर ३० टक्के, टॅक्स ४ मिलियनच्या आसपास. तेही राखीव १२ पूर्ण खर्च झाले तर. टकर एकाच वर्षासाठी हातात होता, आणि आपण ४ मिलियनसाठी तिसरा बेस सोडायचा? खरी आग पुढे आहे: रेषेच्या २० वर गेलात की १२ टक्के जादा, ४० वर गेलात की ४२.५ आणि पहिला पिक दहा जागा खाली, ६० च्या पुढे ६० टक्के. तिसऱ्या वर्षाचा ५० टक्के मूळ दर धरला तर त्या टोकाला प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट टॅक्स. तिथे जाऊ नका, एवढंच. पावणेचौदावर घाबरणं म्हणजे पाऊस येईल म्हणून पेरणीच न करणं.

कोरापाटी

सर्वांचे आभार. पत्रक पुन्हा केलं, माझ्या आर्बिट्रेशनच्या अंदाजाने शिल्लक १५ ऐवजी १३ आली. दोन प्रश्न. ब्रेगमन रेड सॉक्सकडे ३ वर्षे १२० ला गेला, म्हणजे सरासरी ४०. पण सगळीकडे त्याचा टॅक्सचा आकडा ३१.७ च्या आसपास दिसतो. हे कसं? आणि बायआउट, म्हणजे करारातलं पर्यायी वर्ष न घेतल्यास द्यायची रक्कम, कुठे लिहायचं?

हिशेबनीस

पैशाचा काही भाग नंतर द्यायचा करार आहे. नंतर मिळणारा डॉलर आजच्या डॉलरपेक्षा स्वस्त, म्हणून ठरलेल्या व्याजदराने त्याची आजची किंमत काढतात आणि तिची सरासरी टॅक्ससाठी धरतात. ओहतानीचा करार याचं टोक: १० वर्षे ७००, त्यातले ६८० हे २०३४ ते २०४३ मध्ये. कागदावर वर्षाला ७०, टॅक्सच्या खात्यावर सुमारे ४६. मात्र पुढचं पुढे बघू, असं संघाला करता येत नाही. पुढे ढकललेली रक्कम काही काळातच बाजूला काढून ठेवावी लागते. म्हणून ज्याच्याकडे आज रोकड नाही त्याला या युक्तीचा उपयोग नाही. लांबणीवर टाकण्याचा फायदा टॅक्सपुरता.

बायआउट ही हमीची रक्कम, म्हणून ती मूळ वर्षांत मोजतात. समजा २ वर्षे २० आणि तिसऱ्या वर्षी संघाच्या मर्जीचे १२, बायआउट २. तर सरासरी २२ भागिले २, म्हणजे ११. पुढे तिसरं वर्ष घेतलं तर त्या वर्षी १२ नाही, १० धरायचे, कारण २ आधीच मोजले आहेत. बॉयडच्या २९ मध्येही बायआउट धरलेलं आहे. पण खेळाडूच्या मर्जीचं वर्ष हमीचंच धरतात. म्हणून बेलिंजर दरवर्षी बाहेर पडू शकत असतानाही त्याचे ८० तीन वर्षांतच विभागले.

@बॅटफ्लिप, ४ मिलियनशी वाद नाही. पण डावखुऱ्यांचे दोन पिक, १ मिलियन आणि टकर गेल्यावर घसरली असती ती भरपाई, हे तुमच्या चारमध्ये नाहीत. ते मिळवा आणि मग ब्रेगमन घ्या म्हणा, मी ऐकेन.

डावखुरा

@कोरापाटी, १३ मध्ये कामगिरीचे बोनस धरलेत का? इतक्या डावांना इतके, पुरस्काराला इतके अशी कलमं असतात, आणि मिळालेला बोनस त्या वर्षाच्या टॅक्सच्या आकड्यात जातो. एक-दोन वर्षांच्या पिचरच्या करारांत ती हमखास सापडतात. प्रत्येक कराराखाली कमाल बोनसची एक ओळ टाका आणि सप्टेंबर १ ला पुन्हा बेरीज करा. २.८५ ची ओलांडणी अशाच ओळींतून होते.