मिथेनॉलवर जगणारे जिवाणू : भक्षक, पोषी की आणखी काही?

गिरणाकाठ
भाची जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तलावाच्या तळाच्या गाळातून मिथेनॉलवर वाढणारे जिवाणू वेगळे काढायचे आणि ते कुठल्या गटातले ते ठरवायचं, असा तिचा प्रकल्प. गोषवारा मराठीतही द्यायचाय. 'मिथिलोट्रॉफ'साठी, म्हणजे मिथेनॉलसारख्या मिथिल गटाच्या संयुगांवर जगणाऱ्या जिवाणूंसाठी, मी 'मिथेनॉलभक्षक' सुचवला. तिच्या सरांनी खोडला. म्हणे, भक्षक म्हटलं की शिकार आली. मला तर 'नरभक्षक'सारखाच सरळ समास वाटतो. तुम्ही काय वापराल?

मास्तर धुळेकर
सरांचं बरोबर आहे. शाळेच्या पुस्तकात स्वयंपोषी, परपोषी आहेतच, त्यात 'मिथिलपोषी' आपसूक बसतो. आणि मिथेनॉल नको, मिथिलच हवं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवराच्या गाळातून मिळालेल्या मिथिलोटेनेरा मोबिलिस या जिवाणूचं वर्णन २००६ साली प्रसिद्ध झालं. त्याचं अन्न मिथिलअमाइन. कार्बन, नायट्रोजन, ऊर्जा सगळं त्यातूनच. त्याला मिथेनॉलभक्षक कसं म्हणणार? त्याच गाळातला मिथिलोव्हर्सॅटिलिस मिथेनॉल घेतो, पण दुसरंही बरंच काही घेतो.

केळीबाग रावेर
मास्तर, 'पोषी' ऐकलं की शेतकऱ्याला पोशिंदा आठवतो. पोशिंदा दुसऱ्याला पोसतो. मग मिथिलपोषी म्हणजे मिथिलला पोसणारा की काय? कानाला उलटा अर्थ लागतो.
आमच्याकडे पीपीएफएम नावाने बाटली मिळते, पाण्याचा ताण पडला की पिकावर फवारतात. त्यातले जिवाणू याच जातकुळीचे. पान वाढताना पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनमधून थोडं मिथेनॉल बाहेर पडतं, त्यावर हे पानावरच जगतात. ताटलीत वाढवले की गुलाबी ठिपके उठतात. आम्ही 'गुलाबी जिवाणू' म्हणतो, कुणाचं अडत नाही.

मास्तर धुळेकर
स्वयंपोषी म्हणताना कुणाला पोशिंदा आठवत नाही ना? सवयीचा भाग आहे. आणि रंगावरून नाव ठेवलं तर गाळातल्या बिनरंगी जिवाणूंना काय म्हणायचं?

अमळनेरकर
सगळे 'मिथिल' गृहीत धरून चाललेत. मराठीत काष्ठमद्यार्क असताना मिथेनॉल कशाला? मुळात १८३४ साली द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी ग्रीक 'मेथु' म्हणजे मद्य आणि 'हुले' म्हणजे लाकूड जोडूनच 'मिथिलीन' हे नाव घडवलं, त्यातूनच पुढे 'मिथिल' आलं. तो 'मेथु' म्हणजे आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ. महापौर, हुतात्मा हे शब्द सावरकरांनी दिले आणि आपण ते बिनतक्रार वापरतो. मग इथेच हात आखडता का? माझ्या मते 'काष्ठमद्यजीवी'.

पांझरा
'मेथु' आणि 'मधु' एकाच मुळाचे, हे मान्य. पण 'मद्य' आलाय 'मद्' धातूपासून, मधुपासून नाही. दोन्ही एका ओळीत बसवू नका.
आणि काष्ठमद्य ऐकून कुणाला ते पिण्याजोगं वाटलं तर? मिथेनॉलचं माणसाच्या यकृतात फॉर्माल्डिहाइड होतं, त्याचं फॉर्मिक आम्ल, आणि त्यानेच डोळे जातात. विषारी दारूच्या बातम्या आपण वाचतोच. हे जिवाणूही पहिल्या पायरीला फॉर्माल्डिहाइडच करतात, पण लगेच त्याला कामाला लावून त्यातून स्वतःचं शरीर बांधतात. म्हणून मला 'पचवणारे' हे साधं क्रियापद सगळ्यांत खरं वाटतं.

माझी अडचण वेगळीच आहे. गोषवाऱ्यात 'जिवाणूंची ओळख पटवली' असं लिहिणार असाल तर थांबा. ओळख पटते ती आधीपासून माहीत असलेल्याची. क्षार आणि मिथेनॉल एवढंच घातलेल्या चंबूत गाळ टाकला, त्यातून एक वसाहत वेगळी काढली, तिचा १६एस जनुक (जिवाणूंची जात ठरवायला वाचतात तो) वाचला आणि माहीत असलेल्या जातींशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी निघालं, तर ओळख पटलेली नाही. जात नवी असावी एवढाच अंदाज. मग पूर्ण जीनोमची, म्हणजे सगळ्या जनुकीय मजकुराची, तुलना. तिथे एका जातीची सीमा ९५-९६ टक्क्यांच्या आसपास. ते झालं की वर्गीकरण, आणि नामकरण त्याच्याही पुढे. जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवल्याशिवाय नाव अधिकृत होत नाही. ही तीन कामं आहेत. मराठीत तिन्हींना 'ओळख' म्हणून मोकळं होण्याची खोड लागलीय, तिचा मला फार त्रास होतो.

गिरणाकाठ
हे भाचीला पाठवतो. पण मूळ शब्दाचं काय? आणि 'गाळ' तरी चालेल ना?

केळीबाग रावेर
गाळ का नाही चालणार! 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना कुठल्या शब्दावर चालली? आम्ही तलावाचा गाळ ट्रॉलीने शेतात पसरलाय.

अमळनेरकर
गाळ म्हणजे गाळून मागे राहिलेलं. तळाशी बसलेल्याला 'साका' म्हणावं. तेलाचा साका म्हणतोच.

केळीबाग रावेर
साका भांड्यात बसतो, भाऊ. तलावात गाळच. आणि आमच्या अहिराणीत तर गारा. मन्ही माय पावसाळ्यात ओरडायची, 'गारामा जाऊ नको.'

पांझरा
गारा म्हणजे पायाखालचा चिखल, भिंतीला लिंपायचा तोही गारा. पाण्याखालच्याला आमच्या धुळ्याकडे गारा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

केळीबाग रावेर
रावेर-यावलकडे सर्रास म्हणतात. विहीर उपसताना बादलीत काय येतं? गाराच येतो.

अमळनेरकर
विहिरीतल्याला आमच्याकडे रेंदा म्हणतात. काळा, वास मारणारा, खाली हवा न लागलेला. पांझरा, तुमच्याकडे रेंदा आणि गारा वेगळे आहेत का?