अंगणातल्या शहाबादीचा उडालेला रंग
अंगणातल्या शहाबादी फरशीचा रंग उडाला की अ‍ॅसिड मारायचा सल्ला दिला जातो, पण शहाबादीला अ‍ॅसिड लावू नका. हा चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की फसफसतो, झिजतो आणि आणखी पांढुरका दिसतो.

आधी तांब्याभर पाणी ओतून बघा. ओलेपणी जुना रंग दिसला तर काम सोपं. साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घ्या (तारेच्या ब्रशाने पुढे गंजाचे डाग पडतात). दोन-तीन दिवस खडखडीत वाळू द्या. मग रंग गडद करणारा, दगडात मुरणारा सीलर पातळ लावा, तोही सकाळी. आपल्याकडच्या तापल्या फरशीवर तो मुरण्याआधीच सुकतो. उरलेला लगेच पुसा, नाहीतर चिकट चट्टे राहतात. वरून थर धरणारं लॅकर नकोच. खालची ओल अडकून पापुद्रे सुटतात.