वांगासाठी सनस्क्रीन लावते, ड जीवनसत्त्व १४ आलंय. क्रीम बंद करू का?

राजारामपुरीकर: एसपीएफ ५० रोज चेहऱ्याला लावते. स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे असतात. सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर फिरते, म्हणजे ऊन मिळतंच की. घरचे म्हणतात, क्रीमनंच घोळ केलाय.

त्वचामित्र: ताई, क्रीम अजिबात सोडू नका, वांग पुन्हा गडद होईल. ड जीवनसत्त्व उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे बनतं. साडेसहाच्या तिरप्या उन्हात ते जवळपास नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं समजा. ऑफिसच्या बंद काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीशी बसून उपयोग नाही.

एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतं, पण थर पुरेसा असेल तरच. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून क्रीम लागतं, बहुतेक जणी त्याच्या निम्मंही लावत नाहीत. उघड्या अंगाला रोज सगळीकडे नीट लावलं, तर पातळी थोडी उतरू शकते. तुम्ही मात्र फक्त चेहऱ्याला लावता, आणि चेहरा म्हणजे अंगाच्या त्वचेचा लहानसा भाग. दोन्ही हात मिळून १८ टक्के होतात, आणि ते तुमच्या सनकोटात आहेत! माझ्या मते खरं कारण तिथं आहे.

राजारामपुरीकर: मग हातांना ऊन कसं द्यायचं?

गच्चीवरचं ऊन: ११ ते १ च्या दरम्यान गच्चीवर, आखूड बाह्या, १५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो. चेहऱ्यावर क्रीम आणि टोपी राहू दे. कातडी लाल होण्याआधी आत या. त्वचेला ऊन बाधवणारी डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक गोळी चालू असेल किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असेल, तर हे करू नका. पावसाळ्यात ढगांमुळे फारसं हाती लागत नाही.

औषधवाले: रिपोर्टात २० नॅनोग्रॅम/मिली च्या खाली म्हणजे कमतरता, नुसत्या उन्हानं ती लवकर भरत नाही. डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ८ आठवडे देतात. जेवणानंतर किंवा सायीच्या दुधातून घ्या, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाबरोबर शोषलं जातं. पुडी रोज घेण्याची चूक होते, मग रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान असा त्रास सुरू होतो. मूतखडा झाला असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा. फेरतपासणी तीन महिन्यांनी.