फेब्रुवारीनंतर संघ खरोखर ‘पाडला’ जातो का?

टिळकवाडीकर
काल इथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की ‘फुटबॉल मॅनेजर’ या संघ चालवण्याच्या संगणक-खेळात फेब्रुवारी उलटला की आघाडीवरचा संघ खेळाकडूनच मुद्दाम पाडला जातो, आणि बऱ्याच जणांनी त्याला दुजोराही दिला. मला हे अजिबात पटलेले नाही. हंगामाच्या शेवटी संघ घसरतो हे खरे, पण त्याची कारणे आपणच ऑगस्टपासून पेरून ठेवलेली असतात. पहिल्या मिनिटापासून जोरदार प्रेसिंग लावायचे, म्हणजे चेंडूसाठी समोरच्यांच्या सतत अंगावर धावून जायचे, तेच अकरा जण इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे 38 सामने, दोन्ही चषक आणि युरोपातील स्पर्धा यांत उतरवायचे, सरावाची तीव्रताही दुप्पट ठेवायची आणि मार्चमध्ये पाय जड झाले की संगणकावर खापर फोडायचे, हा न्याय नव्हे. खेळात खेळाडूच्या नावापुढचे हृदयाचे चिन्ह हिरवे असले तरी ते त्या दिवसाची तब्येत सांगते; हंगामभर साचलेला थकवा वेगळा असतो. शिवाय आपण जिंकत गेलो की खेळात आपले रेप्युटेशन, म्हणजे दबदबा, वाढते आणि ऑगस्टमध्ये मोकळेपणाने खेळणारे संघ मार्चमध्ये स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात दहा जण उभे करतात.

निपाणीवाला
तुमचे उत्तर फक्त आळशी खेळाडूंना लागू पडते. मी इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला संघ चालवतो, तिथे लीगचेच 46 सामने असतात, त्यामुळे रोटेशन, म्हणजे आळीपाळीने खेळाडू बदलणे, केल्याशिवाय गत्यंतरच नसते. तरीही मार्चमध्ये माझा संघ वीस-वीस फटके मारतो, समोरचा गोलरक्षक सगळे अडवतो आणि त्यांचा एकुलता एक फटका जाळ्यात जातो. थकलेला संघ वीस फटके मारेल का, याचे उत्तर आधी द्या.

टिळकवाडीकर
फटके मोजू नका, ते कुठून मारले ते पाहा. समोर दहा जणांची भिंत असताना तुमचा मिडफिल्डर पंचवीस मीटरवरून वैतागून मारतो, तोही आकड्यात धरला जातो. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता मोजणारा ‘अपेक्षित गोल’ हा आकडा उघडून पाहिलात तर वीस फटक्यांचे मिळून जेमतेम एका गोलचे मोल निघते, आणि तुमची बचावफळी पुढे सरकल्यावर मागे पडलेल्या मोकळ्या जागेतून त्यांची एकच धाव तुमच्यापेक्षा मोठी संधी ठरते.

शहापूरचा स्टॉपर
खऱ्या फुटबॉलमध्येही हेच घडते, मग खेळात घडले तर आश्चर्य कसले? 2022-23 च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये आर्सेनल महिनोन्महिने पहिले होते. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅमविरुद्ध दोन-दोन गोलांची आघाडी घेऊनही त्यांनी बरोबरी पत्करली, नंतर साउदॅम्प्टनशी 3-3 आणि मँचेस्टर सिटीकडून 4-1 असा पराभव. शेवटी सिटीचे 89 गुण आणि आर्सेनलचे 84. तेच ते अकरा जण रेटल्याचा हा परिणाम होता.

खानापूरकर
हे साफ चुकीचे आहे. मार्चमध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगविरुद्धच्या सामन्यात आर्सेनलचा मुख्य बचावपटू सलिबाला दुखापत झाली आणि बचावफळीचा कणाच मोडला. त्याच सामन्यात दुसरा बचावपटू तोमियासूही दुखापतीने गेला. संघ थकला नव्हता, एक माणूस गेला आणि त्याच्या तोडीचा दुसरा बाकावर नव्हता.

शहापूरचा स्टॉपर
बाकावर तोडीचा माणूस नसणे म्हणजेच रोटेशन नसणे. मी वेगळे काय म्हटले? आणि वेस्ट हॅमविरुद्ध आर्सेनलच्या साकाने पेनल्टी बाहेर मारली, तीही सलिबाच्या दुखापतीमुळे का?

खानापूरकर
पेनल्टी कुणाचीही हुकते. तुम्ही गुणतालिका पाहून निष्कर्ष काढता आणि मी सामने पाहिले आहेत. वयाचा मान ठेवून सांगतो, दादा, दुखापत होणे आणि दमणे यांतला फरक आपल्या बेळगावच्या लेले मैदानावर खेळणाऱ्या शाळकरी पोरालाही कळतो.

शहापूरचा स्टॉपर
लेले मैदानाच्या गोष्टी मला सांगू नका, मी तिथे बचावपटू म्हणून खेळलो आहे. लागोपाठच्या स्पर्धांत दमलेला पायच वळायला उशीर करतो आणि तोच दुखावतो, हे मी शेजारच्या लेफ्ट बॅकच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे. सत्तराव्या मिनिटाला तो मागे धावायचा थांबला, तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही. गुडघा धरून खाली बसला तेव्हा सगळे धावले.

उद्यमबाग रात्रपाळी
मी फाउंड्रीत पाळ्या लावतो. लागोपाठ रात्रपाळी करणारा कामगार पहिला आठवडाभर ताजा दिसतो, हजेरीही पूर्ण असते, आणि मग एके दिवशी साधा साचा चुकवतो. हजेरीपुस्तकात थकवा लिहिलेला नसतो. खेळातही सहायक किंवा फिजिओ ‘याला विश्रांती हवी’ असे कळवतात, पण सलग जिंकत असताना तो निरोप वाचतो कोण?

गणिताचा शिक्षक
सलिबावरून भांडण पुरे झाले असेल तर एक साधी बाब मांडतो. ज्या संघाला तज्ज्ञांनी बारावा क्रमांक दिला होता, तो नाताळापर्यंत पहिला असेल, तर त्यात चांगल्या खेळाबरोबर नशिबाचाही वाटा असतो. दुसऱ्या सत्रात तेवढे नशीब पुन्हा लाभत नाही आणि संघ आपल्या मूळ पातळीकडे सरकतो. हे कोणी पाडणे नव्हे. उलट नाताळात सतराव्या असलेल्या आणि पुढे सावरलेल्या संघाबद्दल ‘मला मुद्दाम उचलले’ अशी तक्रार इथे कुणी कधी केल्याचे मी वाचलेले नाही.

निपाणीवाला
सरांचा मुद्दा मला आवडला नाही, पण खोडताही येत नाही. तेवढ्यापुरते मान्य करतो. मात्र कंपनीची बाजू मी घेणार नाही. 2021 च्या आवृत्तीत त्यांनी तब्येतीचे टक्के काढून टाकले आणि त्या जागी हृदय आणले. पूर्वी 84 टक्के दिसले की मी खेळाडूला बाहेर बसवत असे. आता हिरव्या रंगाच्या दोन छटांत फरक शोधत बसतो. साचलेला थकवा तर आकड्यात कधीच दाखवला नाही. जी गोष्ट निकाल ठरवते ती लपवून ठेवली, तर माणूस कारस्थानाचा संशय घेणारच.

टिळकवाडीकर
लपवण्याबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, परंतु खऱ्या प्रशिक्षकालाही खेळाडूच्या कपाळावर आकडा दिसत नाही. पडताळणीच करायची असेल तर जर्मनीत संघ घ्या. तिथे 34 सामने आणि मध्ये हिवाळी सुट्टी असते. फेब्रुवारीत सगळ्यांनाच पाडण्याची आज्ञा खेळात लिहिलेली असेल, तर ती तिथेही तशीच दिसली पाहिजे. प्रेसिंगची तीव्रता तीच ठेवा, पण दोन गोलांची आघाडी मिळाली की साठाव्या मिनिटाला दोन्ही फुल बॅक बदला, आणि ज्याच्या नावापुढे विश्रांतीची सूचना येईल त्याला आठवडाभर सुट्टीवर पाठवा.

निपाणीवाला
जर्मनीत संघ घेतो. पण हरल्यावर आधी साठवलेला खेळ (सेव्ह) पुन्हा उघडून निकाल बदलणार नाही, आणि एप्रिलमध्ये घसरलो तर सगळे निकाल इथेच टाकीन.

खानापूरकर
टाका. त्यात मुख्य सेंटर बॅकला दुखापत कधी झाली, तेही लिहा.