मदत हवी आहे: हार्डन पंचवर ग्राइंडिंगचे जळके डाग
मंडळी, ठाण्यात वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे आमचं, डी२ टूल स्टीलचे पंच ६० एचआरसीला (कडकपणाचं माप) हार्डन करून आणतो आणि सरफेस ग्राइंडरवर घेतले की चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे येतायत. हलका कट मारला की डाग जातो, पण खालचा थर मऊ पडलेला राहतोच ना. काल डाय पेनिट्रंट (बारीक भेगा दाखवणारा रंग) मारून बघितलं तर केसाएवढ्या क्रॅकचं जाळं, पोटात गोळाच आला. व्हील पांढरं, ४६ ग्रिट (दाण्याचा आकार), के ग्रेड (व्हील किती कडक ते), कट ०.०२ मिमी. ड्रेसिंगनंतर (व्हील घासून परत धार आणल्यावर) ४-५ जॉब मस्त, मग व्हील चकचकीत, म्हणजे बोथट. हीट ट्रीटमेंटवाला ग्राइंडिंगला नावं ठेवतो, आमचा ऑपरेटर म्हणतो टेम्परिंगच (हार्डनिंगनंतर परत तापवणं) कच्चं. एच ग्रेडचं मऊ व्हील घेऊ की आधी कट कमी करून कूलंटचा पाइप जवळ आणू?