पाच तज्ज्ञ, अठ्ठावीस पोरं आणि एक तळं: कुणाचं ऐकायचं?

भिजलेलेबूट (इंदूर)

नमस्कार मंडळी. भौतिकशास्त्रात संशोधन करते, पण अडचण वेगळीच आहे.

गेल्या थंडीत आम्ही पाच जणांनी सातवी ते नववीच्या २८ मुलांना घेऊन सिरपूर तलावावर दर रविवारी प्रकल्प सुरू केला. एक रसायनवाले सर, वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त बाई, पक्ष्यांवर पीएचडी करणारा एक मुलगा, एक संख्याशास्त्राचा आणि मी. पोह्यांवर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरत बेत ठरला तेव्हा सगळं फार सोपं वाटलं. होळकरांच्या काळातला तलाव, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला, पाणी-पाखरं-शेवाळ एका जागी. आणखी काय हवं?

झालं काय, तर पोरांना पाच मालक मिळाले. सर म्हणणार, आधी पाण्याचे नमुने. पक्षीवाला म्हणणार, पाणी काय उडून जातंय का, आधी पाखरं. बाईंना शेवाळ दाखवायचं ते उन्हातच. मीही काही कमी नव्हते. पाण्याचा गढूळपणा मोजायला स्टीलच्या ताटलीचे चार भाग काळे-पांढरे रंगवून घेतले, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठी मारल्या. ताटली सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. तिसऱ्या रविवारी ताटली तळ्यातच राहिली. तिच्याजवळची गाठ मी मारली होती. (पोरं अजून विचारतात.)

खरी गंमत मार्चमध्ये झाली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजत होतो, विंकलरच्या पद्धतीने. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मग दोन द्रावणं घातली की तपकिरी गाळ बसतो. प्राणवायू जितका जास्त, तितका गाळ गडद. पुढे आम्ल घालायचं, ते काम सरांचंच. शेवटी स्टार्च घालून थायोसल्फेटचे थेंब सोडायचे, निळा रंग गेला की थांबायचं. एका गटाने सकाळी सातला तीन बाटल्या भरल्या, दुपारी तीनला तीन. सकाळी लिटरमागे तीन मिलिग्रॅम, दुपारी अकरा. सरांनी वहीतला अकरा खोडला. म्हणाले, "२८ अंशाच्या पाण्यात एवढा मावतच नाही, बुडबुडा शिरलाय." हिशोबाने त्यांचं बरोबर होतं. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर, इथे हवेचा दाब कमी, म्हणजे सव्वासातच्या आसपासच यायला हवा. बाई पलीकडून ओरडल्या, "अहो, शेवाळ दिवसभर प्राणवायू सोडतंय, मावेल त्याहून जास्त होतो!" दोघांची अशी जुंपली की पोरं एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे. शेवटी आठवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तिन्ही बाटल्यांत सारखाच बुडबुडा कसा शिरेल?"

त्यानंतर सर दोन रविवार आले नाहीत. पोरं २८ वरून १७ वर आली.

तर विचारायचं असं, की वेगवेगळ्या विषयांची माणसं असली की शेवटचा शब्द कुणाचा? आणि आपसातली भांडणं पोरांसमोर करावीत की नाही?

काडेपेटी

बूटताई, मी सत्तरी ओलांडलेला मास्तर आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

आपल्याच मध्य प्रदेशात हे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला, सहावी ते आठवीला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल टीआयएफआरमधून, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्ट्यांत गाडीत बसून यायचे, भौतिकवाले, रसायनवाले, जीवशास्त्रवाले. १९७८ मध्ये सगळ्या जिल्ह्यात पसरलं, १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळलं, २००२ मध्ये सरकारने बंद केलं. त्यावर बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

मी दोन उन्हाळी शिबिरांना पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथे मोठमोठे विद्वान सतरंजीवर बसून गावच्या शिक्षकांबरोबर तोच प्रयोग करत होते, आणि फसला की त्यांचाही फसत होता. भांडणं? भरपूर. पण भांडण व्हायचं ते समोरच्या प्रयोगावरून. कोण कुठून शिकून आलंय हे मधे यायचं नाही. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी जोडून आकृत्या केल्या त्याही तिथल्याच वातावरणात. माझं टोपणनाव तिथलंच.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे सवालीराम. असा माणूस नव्हताच. मुलांनी प्रश्न पोस्टकार्डावर लिहून सवालीरामला पाठवायचे आणि त्यांना उत्तर जायचं. ज्याला जे येतं त्याने ते लिहायचं, सही मात्र सवालीरामची. पोराला कळतच नाही की उत्तर रसायनवाल्याचं की वनस्पतिवाल्याचं. तुमच्या पाच मालकांवर मला हाच उपाय दिसतो. पोरांना प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवा.

आणि सरांना फोन करा. रागावलेत म्हणून नाही, तर त्यांच्याशिवाय आम्ल कोण घालणार?

आकडेमोड (पुणे)

काकांशी सहमत, पण मला सरांचा राग आलाय तो वेगळ्या कारणाने. आकडा खोडला का? वहीतला आकडा खोडायचा नसतो. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी लिहायचं: कुणाला शंका, का, किती वाजता. हा एक नियम पाचही जणांनी पाळला तर निम्मी भांडणं वहीतच मिटतील.

दुसरं, पाखरं कशी मोजता? दोन मुलं एकाच थव्याकडे बघून एकमेकांशी न बोलता मोजतात का? नसतील तर करून बघा. एकाचे ४०, दुसरीचे ६२ येतील, आणि त्या बावीसच्या फरकावर अख्खा रविवार जाईल. तुमच्या संख्याशास्त्रवाल्याने आतापर्यंत काय केलं हे तुम्ही लिहिलेलंच नाही. त्याला शेवटी आलेख काढायला ठेवला असेल तर तीच चूक. त्याला पहिल्या दिवशी बोलवायचं.

शेवटचा शब्द? त्या रविवारच्या प्रश्नाचा. प्रश्न प्राणवायूचा असेल तर पक्षीवाला त्या दिवशी बाटल्या धुईल.

सुदामानगरचीआई

शास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पण माझा मुलगा त्या अकरा गळालेल्यांपैकी असू शकतो, म्हणून लिहिते.

तो भांडणामुळे थांबला नाही. उलट ते भांडण घरी आठ दिवस चाललं होतं, आजोबांनाही त्यात ओढलं. थांबला कारण पुढच्या तीन रविवारी त्याला नुसत्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला दिल्या. म्हणाला, "आई, मी तिथे हमाल आहे." आता सांगा, नववीच्या मुलाला ट्यूशन बुडवून चिठ्ठ्या चिकटवायला कोणती आई पाठवेल?

आणि निघायची वेळ आधी सांगत जा. साडेअकरा म्हणता आणि दीड वाजतो. जेवण थंड होतं.

भिजलेलेबूट

आई, तुमचं वाचून कानाला खडा लावला. चिठ्ठ्या मीच वाटल्या होत्या.

काका, सरांना फोन केला. बाईंना सोबत बसवूनच केला. सर आधी हूं-हूं करत राहिले, मग म्हणाले, दुपारचं सोडा, मला पहाटेचा आकडा बघायचाय. रात्रभर शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट वापरतं, म्हणजे उजाडताना सगळ्यात कमी असायला हवा. बाई म्हणाल्या, मी तेच सांगत होते. सर म्हणाले, तुम्ही ओरडत होता. असो.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. पहिल्या रविवारी नऊ चिठ्ठ्या निघाल्या. सहा "ताटली सापडली का" अशा होत्या. एकीत लिहिलं होतं, "हे वारकरी पक्षी काळे आणि कपाळाला पांढरा टिळा, मग यांचे टाळ कुठेत?" पक्षीवाला लाल झाला, कारण नाव त्यानेच शिकवलं होतं. संख्याशास्त्रवाल्याने दोन-दोनच्या जोड्या लावून तेच वारकरी मोजायला दिले. आकडेमोड, तुमचा ४० आणि ६२ चा अंदाज फार सभ्य निघाला. आमच्याकडे एका जोडीत ३१ आणि ११८ आले. ११८ वाल्याला विचारलं तर म्हणाला, "भिया, बुडी मारून वर आला की मी परत मोजला."

पुढचा रविवार पहाटे साडेपाचचा आहे, दोन पालक सोबत येणार आहेत. सर आम्ल आणतील, बाई चहा. नवी ताटली आणली आहे. दोरीची गाठ यावेळी त्या आठवीतल्या मुलीने मारली, आणि मला हात लावू दिला नाही.